माशांच्या पेटीवरचा दिवा आणि पाण्याची घागर



आज शेळीवर बोलायचं नाही, कोंबड्यांवर नाही आणि पापड-मसाल्यावरही नाही. आज बोलायचंय काचेच्या पेटीतल्या रंगीत माशांवर, आणि त्यातही त्या पेटीवर लावायच्या दिव्यावर. काहीजणी म्हणतील, उन्हाळ्यात आपल्याला पाणी टँकरचं आणि हिला माशांचा दिवा सुचतोय. असं म्हणणाऱ्या आमच्या बैठकीतही होत्या, आणि त्यांचं म्हणणं पुढे फार कामाला आलं. म्हणून आधी हा विषय कुठून निघाला ते सांगते.

मी ज्या गटांचं काम पाहते त्यात केज तालुक्यातला अकरा जणींचा एक गट आहे. त्यांनी यंदा नवा धंदा करायचं मनावर घेतलंय. दोन फुटी काचेच्या पेट्या दवाखाने, मेडिकल, सराफाची दुकानं, शाळा अशा ठिकाणी बसवून द्यायच्या. मग दर आठवड्याला जाऊन काच पुसायची, पाणी बदलायचं, मासे बघायचे आणि त्याचे महिन्याला पैसे घ्यायचे. पहिल्या झटक्याला दहा पेट्या. भांडवल ग्रामसंघाकडून कर्जाने. गटातल्या दोघी दरवर्षी दिवाळीच्या सुमारास नवऱ्याबरोबर कोयता घेऊन ऊसतोडीला जातात. यंदा मुकादमाची उचल घ्यायची की गावात राहायचं, हे त्यांच्या घरी या धंद्याकडे बघून ठरणार आहे. त्यामुळे कोटेशनमधली एकेक ओळ आम्ही बोट ठेवून वाचली.

कोटेशन एका बाहेरगावच्या व्यापाऱ्याचं होतं. काच, हवेचा पंप, फिल्टर, वाळू यांचे भाव ठीक वाटले. पण एका पेटीच्या दिव्याला २,४०० रुपये. म्हणजे दहा पेट्यांना २४,०००. काचेपेक्षा दिवा महाग! पुढे लिहिलेलं, ‘फुल स्पेक्ट्रम, मोबाईलवर चालणारा, रंग बदलणारा’. वर त्या गृहस्थांनी तोंडी सांगितलं की असा दिवा नसेल तर मासे टिकत नाहीत.

बैठकीत सगळ्याजणी माझ्याकडे बघायला लागल्या. मी बी.ए. मराठीची. पण हिशेब करता येतो, आणि विचारायची लाज वाटत नाही. पंधरा दिवस वाचलं, पेट्या ठेवणाऱ्या चार-पाच जणांना विचारलं. त्यातून जे हाती आलं ते तुमच्यापुढे ठेवते.

पहिली गोष्ट माशाची. गप्पी, मॉली, प्लॅटी, गोल्डफिश हे जे साधे मासे आपण ठेवणार, त्यांना जगायला खास दिव्याची गरज नसते. त्यांना लागतो दिवस आणि रात्र. खोलीत दिवसा जो उजेड असतो तेवढ्यात ते खातात, फिरतात, पिल्लंही देतात. माशाला आपल्यासारख्या पापण्या नसतात, डोळा मिटून घेता येत नाही. म्हणून रात्रंदिवस दिवा चालू ठेवला तर त्याला विसावा मिळत नाही. पुष्कळ दुकानांत शोभेसाठी रात्रभर दिवा जळत असतो, आणि मग मासा सुस्त का म्हणून विचारतात. अंधारात एकदम दिवा लावला तरी तो दचकून काचेवर आपटतो. आधी खोलीतला दिवा लावावा, मग पेटीचा.

मग पेटीवरचा दिवा कोणासाठी? दोघांसाठी. एक, बघणाऱ्या माणसासाठी. दोन, पेटीत जिवंत पाणवनस्पती लावल्या असतील तर त्यांच्यासाठी. हे एकदा ध्यानात आलं की अर्धं कोटेशन आपोआप गळून पडतं.

बघणाऱ्या माणसाचं आधी घेऊ. मुंबईत मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय १९५१ साली सुरू झालं, आणि नूतनीकरण होऊन २०१५ साली पुन्हा उघडलं. ज्यांनी ते पाहिलंय त्यांना आठवत असेल, आपण चालतो तिथे अंधार आणि पेटीत उजेड. म्हणून मासा झळाळून दिसतो. हीच युक्ती आपल्याला दहा रुपयांत करता येते. पेटीच्या मागच्या काचेला बाहेरून काळा किंवा गडद निळा कार्डपेपर चिकटवायचा आणि पेटी दारासमोर, खिडकीसमोर न ठेवता आतल्या भिंतीला ठेवायची. निम्म्या उजेडात दुप्पट दिसतं. खिडकीपाशी ठेवलेल्या पेटीला कितीही दिवे लावा, बाहेरच्या उन्हापुढे ते फिकेच पडतात, वर पाणी तापतं आणि शेवाळ धरतं.

रंगाची एक गंमतही सांगते. दुकानात मासा लालभडक दिसतो आणि घरी आणला की फिका वाटतो. मासा तोच असतो, दुकानदाराने गुलाबी-जांभळट दिवा लावलेला असतो. साडीच्या दुकानात आपण पदर दारात नेऊन उजेडात बघतो ना, तसंच मासा घेतानाही साध्या पांढऱ्या उजेडात बघावा.

आता वनस्पती. एलईडीचा पांढरा उजेड बनतो कसा, हे मला माहीत नव्हतं. आतला बारीक तुकडा खरं तर निळा उजेड देतो. त्यावर पिवळसर भुकटीचा थर असतो, त्यातून जाताना तो आपल्याला पांढरा दिसतो. हा निळा एलईडी बनवणं फार वर्षं जमत नव्हतं. ते जमवणाऱ्या अकासाकी, अमानो आणि नाकामुरा या तिघा शास्त्रज्ञांना २०१४ साली भौतिकशास्त्राचं नोबेल मिळालं. आपल्या कामाचा मुद्दा एवढाच, की वनस्पतीला वाढायला प्रामुख्याने निळा आणि लाल उजेड लागतो. साध्या पांढऱ्या एलईडीत निळा भरपूर असतो आणि भुकटीमुळे थोडा लालही येतो. जावा फर्न, अनुबियास, व्हॅलिस्नेरिया अशा सोशिक वनस्पतींना तेवढं पुरतं. ‘फुल स्पेक्ट्रम’ या शब्दाला किलो-लिटरसारखं ठरलेलं माप नाही, खोक्यावर कोणीही छापतो.

खोक्यावर बघायचं ते वेगळंच. वॅट म्हणजे दिवा वीज किती खातो. ल्युमेन म्हणजे उजेड किती देतो. आपल्याला वॅट कमी आणि ल्युमेन जास्त हवेत, गाईला चारा कमी लागावा आणि दूध जास्त निघावं तसं. तिसरा आकडा केल्व्हिनचा. ६,५०० केल्व्हिन म्हणजे दिवसासारखा पांढरा उजेड, ३,००० च्या आसपास म्हणजे पिवळसर. पेटीला ६,५०० चा घ्यावा.

पेटी ठेवणाऱ्या हौशी लोकांचा एक ठोकताळा आहे. सोशिक वनस्पतींना पाण्याच्या दर लिटरमागे साधारण १० ते २० ल्युमेन. आपली पेटी दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. काठोकाठ भरली तर तिच्यात सुमारे ५५ लिटर पाणी मावतं. म्हणजे ५५० ते ११०० ल्युमेन. घरात लावतो ती १० वॅटची दोन फुटी एलईडी पट्टी, जिला दुकानात बॅटन म्हणतात, ती साधारण एवढाच उजेड देते. २०१५ च्या उजाला योजनेपासून गावोगाव जे ९ वॅटचे बल्ब आले, त्यांच्या घरातलीच ही वस्तू. बीडच्या बाजारात आम्हाला चांगल्या कंपनीची, बिलासह, २५० रुपयांत मिळाली. वर लाकडी किंवा फायबरचं झाकण करून घ्यायला दीडशे धरा. ४०० रुपयांत काम झालं. दहा पेट्यांचे ४,०००. कोटेशनमधल्या २४,००० मधून २०,००० वाचले.

महागडा दिवा वाईटच असतो असं मी म्हणत नाही. लाल पाण्याच्या वनस्पती, गालिच्यासारखं गवत अशी हौशी बाग पाण्यात फुलवायची असेल तर जोरदार उजेड लागतो. त्याबरोबर खतही लागतं, कार्बन डायऑक्साइडची टाकीही लागते आणि रोज लक्ष घालणारा माणूसही. दवाखान्याच्या बाकड्यासमोर ठेवायच्या पेटीला त्याचा उपयोग नाही. खाऱ्या पाण्यातली प्रवाळं हा तर वेगळाच प्रांत झाला.

आणि आता त्या टँकरवाल्या ताईंचं म्हणणं. त्या म्हणाल्या, “विजेचं सोडा, मला सांगा दिव्यामुळे पाणी किती लागतं?” सगळ्या हसल्या. मला मात्र ते वाक्य रात्रभर पुरलं. कारण जोरदार दिव्याचा खरा खर्च विजेच्या बिलात दिसत नाही. तो पाण्यात दिसतो.

बघा कसं ते. माशांची विष्ठा आणि उरलेलं खाद्य पाण्यात विरघळतं, म्हणजे पाण्याला आपोआप खत मिळतं. त्यावर आठ तासांऐवजी बारा-चौदा तास दिवा जळाला, किंवा गरजेच्या दुप्पट उजेड पडला, की ते खत वनस्पतीआधी शेवाळ खातं. आधी काच हिरवी, मग पाणी हिरवं. रात्री हेच शेवाळ पाण्यातला प्राणवायू ओढतं, आणि पहाटे मासे वर येऊन तोंड उघडून धापा टाकतात. मग गिऱ्हाईक फोन करतं आणि आपण घागर घेऊन पळतो. नीट चाललेल्या पेटीत आठवड्याला पाव हिस्सा पाणी बदललं तरी भागतं, म्हणजे १३-१४ लिटर. साधारण एक घागर. शेवाळ धरलेल्या पेटीला आठवड्यात दोनदा, तीनदा बदलावं लागतं. दहा पेट्या म्हणजे दहा घागरींच्या जागी वीस, तीस घागरी. चैत्र-वैशाखात आपल्याकडे हा आकडा कोणाला परवडणार? ज्या बाईने दोन हंड्यांसाठी टँकरपुढे रांग लावली, तिला माशांच्या पेटीसाठी तीस घागरी ओतायला सांगताना आपली जीभ तरी रेटेल का?

म्हणून आमच्या हिशेबात दिव्याच्या किमतीच्या शेजारी आम्ही ‘घागरी’ असा रकाना घातला. दिवा आठ तासांपेक्षा जास्त नाही. नव्या पेटीला पहिला महिना सहाच तास, कारण वनस्पतींनी अजून मूळ धरलेलं नसतं. दवाखान्यात सकाळी दहा ते दोन आणि संध्याकाळी पाच ते नऊ असे दोन तुकडे केले तरी चालतात, पेशंट असतात तेव्हाच दिवा. बदलून काढलेलं पाणी फेकायचं नाही. कढीपत्ता, पालक, गवती चहा यांना ते उत्तम. फक्त पेटीत औषध टाकलेलं असेल तर ते पाणी भाजीला घालू नये.

विजेचा हिशेबही सांगून टाकते, कारण गिऱ्हाईक तोच आधी विचारतं. जुनी दोन फुटी ट्यूब चोक धरून २५ वॅट खाते असं समजा. रोज आठ तास, महिना तीस दिवस, म्हणजे ६ युनिट. १० वॅटची एलईडी त्याच वेळात २.४ युनिट. फरक ३.६ युनिटचा. युनिटचा दर प्रत्येकीने आपल्या बिलावर बघावा, हिशेबापुरते ८ रुपये धरले तर महिन्याला २९ रुपये वाचतात. २५० ची पट्टी नऊ महिन्यांत वसूल. २,४०० चा दिवा ट्यूबच्या तुलनेत एवढंच वाचवत असता तरी वसूल व्हायला सात वर्षांच्या आसपास लागली असती, आणि तो तर २० वॅटचा होता. म्हणजे साध्या पट्टीपुढे तो कधीच वसूल होत नाही.

खोक्यावर ‘२५,००० तास’ असं आयुष्य लिहिलेलं असतं. रोज आठ तासांनी ती साडेआठ वर्षं होतात. त्यावर फार विसंबू नये. उजेड देणारा तुकडा टिकतो, पण त्याला वीज पुरवणारी आतली बारीक चकती आपल्याकडच्या कमी-जास्त होणाऱ्या दाबाने आणि पेटीतल्या वाफेने आधी जाते. म्हणून बिल घ्यायचं, वॉरंटी बिलावर लिहून घ्यायची, आणि दिवा व पाणी यांच्यामध्ये काचेचं झाकण ठेवायचं. त्या झाकणावर आपल्या बोअरच्या पाण्याचे पांढरे डाग पडतात. पंधरा दिवसांत ते इतके साठतात की उजेड मंद होतो आणि माणूस दिवा बदलायला निघतो. झाकण काढून, बाजूला नेऊन, अर्ध्या लिंबाने घासलं आणि साध्या पाण्याने धुतलं की लख्ख होतं. साबण अजिबात लावायचा नाही.

उन्हाळ्याचंही बघायला हवं. आपल्याकडे पारा ४० च्या वर जातो. पाणी जितकं तापतं तितका त्यात प्राणवायू कमी मावतो. २५ अंशांच्या पाण्यात लिटरला सुमारे ८ मिलिग्रॅम मावतो, ३५ अंशांना ७ च्या आसपास. तो कमी होतो आणि नेमकी त्याच वेळी माशाची गरज वाढते. जुना पिवळा बल्ब किंवा ट्यूब झाकणात बसवली की झाकण तव्यासारखं तापतं. एलईडीही तापते, पण पाठीच्या बाजूने आणि कमी. मे महिन्यात दिवा दुपारी बंदच ठेवावा, संध्याकाळी चार-पाच तास लावावा.

लाईट गेली तर काय, हा प्रश्न प्रत्येक गावात येतो. इन्व्हर्टरवर जागा असेल तर तिथे पहिला मान हवेच्या पंपाचा. तो जेमतेम ३-४ वॅट खातो. दिवा दोन दिवस बंद राहिला तरी माशाचं किंवा वनस्पतीचं काही बिघडत नाही. पण उन्हाळ्यात भरलेल्या पेटीचा पंप रात्रभर बंद राहिला तर सकाळी मासे पोटावर तरंगताना दिसू शकतात. दिव्याला टायमर लावणार असाल तर एक लक्षात ठेवा. गोल चकतीचा स्वस्त टायमर विजेवरच फिरतो, दोन तास लाईट गेली की तो दोन तास मागे पडतो. मग दिवा रात्री अकरापर्यंत जळत राहतो. आठवड्याच्या फेरीत त्याची वेळ बघणं आम्ही कामाच्या यादीत लिहिलंय.

आता जिवाची गोष्ट. पाणी आणि २३० व्होल्ट एका जागी येतात तिथे काटकसर करायची नाही. पाण्यात बुडवायचे म्हणून विकले जाणारे काही स्वस्त दिवे सरळ घरच्या विजेवर चालतात. ते आम्ही घेणार नाही. बॅटन झाकणाच्या वर, काचेच्या पलीकडे. बटण पेटीच्या वर नाही, बाजूला. वायर पेटीपासून बोर्डाकडे जाताना मध्ये खाली झोळीसारखी लोंबू द्यायची, म्हणजे वायरीवरून ओघळलेलं पाणी खालच्या टोकाला जमिनीवर टपकतं, प्लगमध्ये शिरत नाही. पेटीत हात घालण्याआधी पंप, दिवा सगळ्यांचे प्लग काढायचे. आणि जिथे पेटी बसवायची तिथे अर्थिंग आहे का, ३० मिलिअँपिअरचं आरसीसीबी आहे का, हे वायरमनकडून बघून घ्यायचं. नसेल तर गिऱ्हाइकाला सांगायचं की आधी ते बसवा. एक गिऱ्हाईक गेलं तरी चालेल. आपल्या बाईचा ओला हात त्या पेटीत रोज जाणार आहे.

अनुदानाचं काहीजणींनी विचारलं. प्रधानमंत्री मत्स्यसंपदा योजना २०२० साली आली, तिच्यात घराच्या परसात शोभेचे मासे वाढवण्याच्या युनिटला ३ लाख रुपये खर्च धरलेला आहे आणि महिलांना त्याच्या ६० टक्के अनुदान. पण ते मासे वाढवण्यासाठी आहे, दुकानांत पेट्या बसवण्यासाठी नाही. पुढे आपणच पिल्लं तयार करायची ठरवली तर उपयोगी पडेल. अर्ज करण्याआधी बीडच्या मत्स्यव्यवसाय कार्यालयात जाऊन सध्याचे नियम विचारा, गावातल्या कोणा मध्यस्थाला नाही.

मग गटाने काय ठरवलं? व्यापाऱ्याला निरोप गेला की काच, पंप, फिल्टर तुमचे, दिवे आमचे. तो थोडा रुसला, मग काचेचा भाव वाढवायला निघाला, मग कबूल झाला. वाचलेल्या २०,००० पैकी ८,००० चं कर्ज उचलायचंच नाही असं ठरलं. उरलेले १२,००० बँकेत राखीव ठेवलेत, पहिल्या तीन महिन्यांत पंप जळाले, मासे मेले, गिऱ्हाइकाने पैसे थकवले तर लागतील म्हणून. दहाच्या दहा पेट्या एकदम बसवायच्या नाहीत. पहिल्या दोन बसतील, एक दवाखान्यात आणि एक शाळेत. दवाखान्यातल्या पेटीचा दिवा आठ तास, शाळेतल्या पेटीचा सहा. दोन्हींना आठवड्याला किती घागरी लागल्या ते भिंतीवरच्या कॅलेंडरवर खडूने नाही, पेनने लिहायचं. हे काम त्या टँकरवाल्या ताईंनी स्वतःहून अंगावर घेतलंय.

ऊसतोडीला जाणाऱ्या दोघींपैकी एकीने उचल घ्यायचं सध्या थांबवलंय. दुसरी अजून ठरवतेय. तिची सासू म्हणते, दोन पेट्यांचे आकडे बघू, मग बोलू. सासूबाईंचं बरोबर आहे.

जाता जाता एक. एलईडी लावताना जुन्या ट्यूब निघतील. त्या उकिरड्यावर फोडू नका, त्यांच्यात पारा असतो. खोक्यात, कागदात गुंडाळून पोरांच्या हाती लागणार नाहीत अशा ठेवा आणि शहरात ई-कचरा गोळा करतात तिथे द्या. आणि ज्या गटांनी माशांच्या पेट्या आधीच बसवल्या असतील त्यांनी आपल्या घागरींचा आकडा कळवा. आमच्या कॅलेंडरशेजारी लिहून ठेवू.